माझ्या लग्नाच्या दाखल्याविषयी खुलासा

आमच्या नातेवाइकांत सध्या अशी हकिकत सांगितली जाते की, फ्रान्सला जाता यावे म्हणून मी म्हातारपणी स्वतःच्याच बायकोशी दुसऱ्यांदा लग्न केले. ही हकिकत माझे साडू सांगतात. माझा मुलगा तिच्यात फेरफार करून सांगतो. त्याच्या मते मी तसे लग्न केले नाही, करायला हवे होते, आणि न केल्यामुळे सगळ्यांचे नुकसान झाले. सांगलीतल्या ज्या एजंटाकडे आम्ही व्हिसाचे काम दिले होते, तो नव्या गिऱ्हाइकांना माझे उदाहरण देतो आणि कसे वागू नये हे समजावतो, असेही माझ्या कानावर आले आहे. मी उभा जन्म न्यायालयाच्या कचेरीत काढला. कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. एकाच घटनेच्या जबान्या एकमेकींशी जुळत नसतील, तर जो प्रत्यक्ष हजर होता त्याची जबानी घ्यावी, एवढे मला त्या कचेरीने शिकवले आहे. मी हजर होतो.

प्रथम मूळ प्रसंग सांगतो, कारण सगळे जण तो वगळून पुढचेच सांगतात. आमची मुलगी लग्नानंतर फ्रान्समध्ये राहते. गेल्या वर्षी तिला जुळे होणार असल्याचे कळले आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचे नाही असे बजावले. घरात आधीचे एक लहान मूल, जावई दिवसभर नोकरीवर, तिच्या सासूबाई हयात नाहीत. तिने फोनवर आईला एकच गोष्ट मागितली, "बाळं यायच्या आत तू माझ्याजवळ पाहिजेस." आधीचे पडून राहणे, मग बाळंतपण, मग दोन तान्ही मुले, हे सगळे साध्या पर्यटकाच्या व्हिसात बसणारे नव्हते. वर्षभराचा व्हिसा काढणे भाग होते. माझी पत्नी सांगलीहून कडेगावला आमच्या शेतावर एकटी जाते, साताऱ्याकडे माहेरी एकटी जाते. पण जिथली भाषा येत नाही अशा विमानतळावर उतरून एकटीने दुसरे विमान गाठायला तिने साफ नकार दिला. तेव्हा अर्ज दोघांचा करायचा, पतिपत्नी म्हणून करायचा, असे ठरले. आणि पतिपत्नी असल्याचा दाखला आमच्याजवळ नव्हता.

एजंटाचे कार्यालय मोबाइलच्या दुकानावर आहे. एजंट विनयशील, हे मी मान्य करतो. त्याने आमचे पासपोर्ट पाहिले, निवृत्तिवेतनाचे कागद पाहिले, मुलीचे पत्र पाहिले.

"काका, मॅरेज सर्टिफिकेट तेवढं राहिलं," तो म्हणाला.

"ते नाही."

"हरवलं असेल तर डुप्लिकेट निघतं."

"हरवायला आधी असावे लागते. आमच्या लग्नाची नोंद कोणी केलेली नाही."

"चालतंय की. लग्नपत्रिका आणा, एखादा फोटो आणा, आपण नोंद करून घेऊ."

"पत्रिकेवर आमची नावे नाहीत. फोटोही नाही."

तो माझ्याकडे आणि मग पत्नीकडे पाहत राहिला. त्या पाहण्याचा अर्थ तिला माझ्या आधी कळला.

"बगतोस काय रं असं?" ती म्हणाली. "लगीन झालंय आमचं. दोन पोरं हायत."

"तसं नाही हो काकू," तो गडबडला आणि लगेच आवाज खाली आणून त्याने दोन मार्ग सांगितले. त्याच्या ओळखीचा एक छापखानेवाला होता. तो जुन्या कागदावर, जुन्या वळणाच्या अक्षरात, मागच्या तारखेची पत्रिका छापून देत असे. "वर गणपती, खाली कुलदैवत, आपले नम्र, सगळं त्या काळातलं. ओळखू येत नाही." दुसरा मार्ग याहून सोपा होता. एखाद्या देवळात जायचे, एकमेकांना हार घालायचे, फोटो काढायचा आणि आजच्या तारखेने लग्न नोंदवायचे. "इस्लामपूरच्या एका जोडप्यानं नुकतंच केलं, काका. काय गोड दिसत होते दोघं!"

"माझी मुलगी चाळिशीला आली आहे," मी म्हणालो. "तिच्या आईबापांचे लग्न यंदा झाले, असे मी सरकारला लिहून देऊ?"

"तिकडं कोण बघतंय, काका? तिकडं लग्नाआधी मुलं असतातच."

"असतील. माझी नव्हती."

मी एजंटाच्या अंगावर धावून गेलो, असे मुलगा सांगतो. मी खुर्चीतून उठलो, एवढेच घडले. उठणे आणि धावून जाणे यांतला फरक त्याला कळतो. तो पुण्याला मोठ्या पगारावर नोकरी करतो.

आता पत्रिकेवर नावे का नव्हती, ते सांगतो. याच बाबतीत माझ्या साडूंनी पन्नास वर्षे जो गैरसमज पसरवला आहे, तोही एकदाचा निकालात काढतो.

माझी सासुरवाडी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी. सासऱ्यांना दोन मुली. थोरलीचे लग्न ठरले, पत्रिका छापून वाटल्या गेल्या. धाकटीची, म्हणजे माझ्या पत्नीची, माझ्याशी बोलणी आधीच झाली होती, सुपारी फुटली होती. लग्न पुढच्या हंगामात करायचे होते. पण ते दुष्काळाचे साल होते. पुढच्या वर्षी पुन्हा मांडव घालणे, पुन्हा पंगती उठवणे होईल की नाही याची कोणाला खात्री नव्हती. तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडिलांना निरोप पाठवला की मांडव उभा आहे, भटजी आहेत, आचारी आहेत, धाकटीचेही याच मांडवात उरकून घेऊ. आमच्या भागात त्या काळी असे सर्रास होत असे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पत्रिका मात्र आधीच छापल्या गेल्या होत्या. फोटोग्राफर एकाच जोडप्यासाठी सांगितला होता. थोरल्या जोडप्याचे फोटो काढून तो निघून गेला. म्हणून आमचे नाव कुठे नाही आणि चेहराही कुठे नाही. याहून गूढ असे त्यात काही नाही.

साडूंची हकिकत अशी: मी त्यांच्या लग्नाला पाहुणा म्हणून आलो होतो, पंगतीत आमटी वाढत होतो, तेवढ्यात सासऱ्यांनी माझ्या हातातले भांडे काढून घेतले, साडूंनी उतरवून ठेवलेले बाशिंग माझ्या कपाळाला बांधले आणि मला बोहल्यावर उभे केले. ही हकिकत त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली आहे आणि लोक प्रत्येक वेळी हसले आहेत. मी आमटी वाढत होतो हे खरे आहे. होणाऱ्या सासऱ्याच्या दारात मनुष्यबळ कमी पडत असताना मी हात बांधून बसलो नाही. वाढणारा माणूस नवरदेव असू शकत नाही, असा नियम असेल तर तो मला दाखवावा. बाशिंग मात्र माझे स्वतःचे होते. माझ्या चुलत्यांनी ते कराडच्या बाजारातून आणले होते. दुसऱ्याच्या कपाळावरचे उतरलेले बाशिंग मी बांधले नाही, बांधले नसते.

एजंटाकडून परतल्यावर पत्नी शेंगा फोडत बसली होती. मी त्या छापखानेवाल्याविषयी बोलत होतो, आणि जरा मोठ्याने बोलत असेन. ती मान वर न करता म्हणाली, "छापू द्यायची व्हती की एक."

"काय?"

"पत्रिका. त्यो छापतो म्हनतोय तर छापू द्या. माजं नाव कवा छापलंय कुटं?"

"दोन्ही मुलांच्या पत्रिकांत छापले आहे."

"ते आई म्हनून. नवरी म्हनून न्हाई."

यावर मला उत्तर सुचले नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण उत्तर सुचले नाही म्हणजे माझे मत बदलले, असा अर्थ कोणी काढू नये. तिचे नाव खोट्या तारखेच्या कागदावर यावे इतके ते हलके नाही, असे मी तिला नंतर सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली. आमच्या घरात बरं म्हणणे ही संमती नव्हे.

लग्न जेथे लागले तेथल्या ग्रामपंचायतीत साक्षीदारांच्या आधारे नोंद होऊ शकते, असे कळल्यावर आम्ही सासऱ्यांचे गाव गाठले. ग्रामसेवक तरुण होता, कामाने गांजलेला, पण ऐकून घेणारा. त्याने सांगितले की, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतील.

"भटजी वारले," मी म्हणालो.

"त्यांचा नातू करतो आता लग्नं. तो सही करील."

"तो त्या वेळी जन्मलाही नव्हता."

"सगळे तसंच करतात, काका."

"म्हणून तर न्यायालयांना कधी काम कमी पडत नाही."

भटजी हयात नाहीत असे प्रतिज्ञापत्र मी करून देईन, असे ठरले. राहिले तीन साक्षीदार. ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून मी त्या मांडवातली माणसे एकेक करून आठवली. सासरे, त्यांचे थोरले भाऊ, माझ्यामागे उभे राहिलेले मामा, गावचे पाटील, माझे वडील, बाशिंग आणणारे चुलते. सगळे गेलेले. माझे भाऊ त्या दिवशी घरी जनावरांपाशी राहिले होते. ज्याला मांडव प्रत्यक्ष आठवेल असा जिवंत माणूस एकच उरला होता, आणि ते माझे साडू होते.

साडू सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेजारच्याच गावी असतात. आम्ही तसेच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अंगणात खुर्च्या टाकल्या. पत्नीच्या थोरल्या बहिणीने चहा आणून ठेवला, धाकटीला हाताला धरून आत नेले. मी काम सांगितले. साडूंनी ते दोनदा सांगायला लावले.

"म्हंजे पावणं, कोर्टातला मानूस आमच्या दारात साक्षीदार मागतोय," ते म्हणाले. "शाब्बास!"

"सही करणार की नाही, ते सांगा."

"करतो की. आत्ता करतो. फकस्त तुमी आदी एक म्हना, मांडव माजा व्हता."

"मांडव तुमचा नव्हता."

"मग पत्रिका कुनाची व्हती?"

"पत्रिका तुमची होती."

"झालं तर मग!"

"पत्रिका तुमची म्हणून मांडव तुमचा होत नाही."

"आनि बाशिंग?"

"बाशिंग माझे होते."

"मग जावा फ्रान्सला बाशिंग दाकवून," ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मी चहा संपवला आणि उठलो. मी चहा न घेता उठलो असे ते सांगतात, ते खोटे आहे. त्यांच्या घरच्या अन्नाचा मी कधीही अपमान केलेला नाही. एक वाक्य बोलून काम झाले असते, हे मला त्या अंगणात बसूनही दिसत होते. पण ते वाक्य मी बोललो असतो तर त्यांच्या हकिकतीला माझीच साक्ष मिळाली असती आणि पुढच्या प्रत्येक लग्नात ती पुराव्यानिशी सांगितली गेली असती. माझ्या बायकोचे लग्न दुसऱ्याच्या लग्नातल्या उरल्यासुरल्यावर लागले, ही ती हकिकत होती. लोक हसताना मला हसत असतील, पण ती माझ्या शेजारीच बसलेली असे.

त्यानंतर मुलाचा फोन आला. "बाबा, प्रश्न फक्त एका कागदाचा आहे. तुम्ही त्याचा खटला केलाय."

"मी खटला केलेला नाही. मी खोटा कागद द्यायला नकार दिला आहे."

"ताई तिकडं पडून आहे, आणि तुम्ही इथं मांडव कोणाचा ते ठरवताय!"

त्याचे हे वाक्य मी जसेच्या तसे देतो, कारण ते त्याने पुढे सगळ्यांना ऐकवले आहे आणि त्यात वस्तुस्थिती अर्धी आहे. मुलगी पडून होती, हे खरे. दुसऱ्याच दिवशी तिने सांगितले की, जुळी वेळेच्या आधीही येऊ शकतात, डॉक्टर तशी तयारी ठेवत आहेत. ती रडली नाही. "बघा कसं जमतंय ते," एवढेच म्हणाली. ती लहानपणापासून अशीच आहे. आग्रह करत नाही आणि त्यामुळे जास्त अडचणीत टाकते.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा तीच नावे घेऊ लागलो. सासऱ्यांचे मेहुणे आले होते का, आणि असतील तर ते कधी वारले. पाटलांचा थोरला मुलगा त्या वेळी केवढा होता. पत्नी मेथी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"मगाधरनं ऐकतेय," ती म्हणाली. "ह्यो मेला, त्यो मेला. आवं, बाया मेल्या का समद्या?"

ही सूचना एजंटाने केली, असे मुलगा सांगतो. एजंट तसे सांगत असेल तर ते त्याने थांबवावे. सूचना माझ्या पत्नीची आहे, ती तिने मेथी निवडताना केली आणि ऐकायला मी एकटा होतो. आमच्याकडे लग्नाला कोण कोण होते असे विचारले की पुरुषांचीच नावे सांगायची रीत आहे. बायका मांडवात असतात, पण हजर म्हणून कोणी त्यांना धरत नाही. ती रीत मी पाडलेली नाही, पण मी तिच्यातलाच माणूस आहे. साडूंच्या अंगणात ज्या बाईने माझ्यापुढे चहा ठेवला, ती त्या मांडवातली थोरली नवरी होती. आणि तिच्या नवऱ्याला मी साक्षीदार मागत होतो.

पत्नीने फोन केले. ते काम तिने केले आणि मला मध्ये बोलू दिले नाही. ठरल्या दिवशी ग्रामपंचायतीत तीन बायका आल्या. पत्नीची थोरली बहीण, गावातच असलेली तिची चुलत वहिनी, आणि शेजारच्या घरची थोरली सून, जी आता त्या घरात सगळ्यांत वडील आहे. साडू मोटारसायकलवरून बायकोला घेऊन आले आणि "मी आपला बगायला आलोय" म्हणून दारात उभे राहिले.

ग्रामसेवकाने चुलत वहिनींना आधी विचारले, "आजी, तुमी स्वतः लग्नाला हजर होता का?"

"हजर? हळद म्या वाटली दोगींची. हात पिवळं व्हतं माजं दिवाळीपत्तुर."

"सही येती का, अंगठा घेऊ?"

"अंगठा कशाला? बचत गटाच्या वहीत सही करतेय न्हवं!"

शेजारच्या घरच्या सूनबाईंनी एवढेच सांगितले की, धाकटी नवरी बोहल्यावर जायला उठेना, कारण आपले लग्न आजच आहे हे तिला सकाळीच कळले होते. त्यांनी तिला पाठीवर धपाटा घालून उठवले. हे मला पन्नास वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी पत्नीकडे पाहिले. तिने खिडकीबाहेर पाहिले.

मग थोरल्या बहिणीची पाळी आली.

"लग्न कुठं लागलं?" ग्रामसेवकाने विचारले.

"आमच्या दारात."

"माज्या मांडवात म्हन," दारातून साडू म्हणाले.

ती तशीच मागे वळली. "तुमचा कुटला आला मांडव? मांडव आमच्या बानं घातला. तुमी दोगंबी आयतं येऊन हुबा ऱ्हायला. आनि बाशिंगं दोन व्हती. तुमचं मोटं, ह्या पावण्यांचं बारकं. उगं कायबी सांगत फिरतासा लोकास्नी!"

ग्रामसेवकाने हसू दाबण्यासाठी पेन खाली पाडले. साडू आता सांगतात की, त्या दिवशी तिने आम्हा दोघांनाही सारखेच झापले. मांडवाबाबत ते बरोबर आहेत. बाशिंगाबाबतचे वाक्य ते गाळतात. म्हणून मी ते येथे दिले आहे. पुढचे ते गाळत नाहीत, तेही सांगतो. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर ते आत आले, खिशातून घडी घातलेली त्यांची लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तारीक हिच्यावर हाय. जोडा ह्याला. आनि माजीबी सही घ्या, कमी पडाय नगं." पत्रिका त्यांनी दिली, सही त्यांनी केली, हे मी मान्य करतो. मी ती दुसऱ्यांदा मागितली नव्हती, हे त्यांनी मान्य करावे.

लग्नाच्या खऱ्या तारखेचा दाखला मिळाला. पण तो लगेच मिळाला नाही. इतक्या जुन्या लग्नाची नोंद म्हणून कागद तालुक्याला गेले, तेथून खुलासा मागवला गेला, मग सुट्या आल्या. दाखला हाती आल्यावर तो परदेशात चालावा म्हणून त्यावर मुंबईचा सरकारी शिक्का, मग फ्रेंच भाषांतर. सगळे झाल्यावर आम्ही मुंबईला व्हिसाच्या खिडकीपुढे बसलो. काचेपलीकडची मुलगी मराठी होती. तिने दाखला वाचला, पुन्हा वाचला.

"आजोबा, लग्नाला पन्नास वर्षं झाली. नोंद या वर्षीची. असं का?"

"आजवर कोणी विचारले नव्हते," मी म्हणालो.

तिने आमच्या बोटांचे ठसे घेतले, फोटो घेतले आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

ते पासपोर्ट परत येण्याआधी मुलगी बाळंत झाली. दोन मुली, दोन्ही लहानखुऱ्या, पण सुखरूप. जावयाने फोन केला, मग मुलगी बोलली. पत्नीने मुलींची चौकशी केली, वजने विचारली, आणि मग म्हणाली, "तुज्याजवळ कोन व्हतं गं?"

"नर्स होती, आई. चांगली होती."

"बरं," पत्नी म्हणाली.

व्हिसा येईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. जेवायला वाढले की ताट पुढे सरकवायची. पाणी हवे का, हे विचारायचे तिने सोडले. मुलाने मात्र बोलायचे सोडले नाही. छापलेली पत्रिका दिली असती तर तुम्ही महिनाभर आधी पोचला असता आणि आई बाळंतपणाला ताईजवळ असती, हे त्याने मला निरनिराळ्या शब्दांत ऐकवले. त्याचे गणित बरोबर आहे. ते मी कधीही नाकारलेले नाही. मला मान्य नाही तो त्या गणितावरून त्याने काढलेला निष्कर्ष. त्या गणितात फक्त आमचा उशीर आहे. ज्या मुलीसाठी आम्ही निघालो होतो, तिच्या आईचे लग्न कधी झाले हे खोटे लिहून तिच्याकडे जायचे, हा भाग त्यात नाही. मला पुन्हा त्या एजंटापुढे बसवले, तर मी पुन्हा खुर्चीतून उठेन. नर्सविषयीचे मुलीचे वाक्य ऐकूनही उठेन. हे लिहिणे सोपे आहे, असे कोणी समजू नये.

आम्ही पोचलो तेव्हा तिकडे थंडी होती. जावयाने आम्हाला विमानतळावरून घरी आणले. मुलगी दारापर्यंत चालत आली. पत्नीने तिला काही वेळ धरून ठेवले, मग आत जाऊन गरम पाण्याने हात धुतले, एका नातीला उचलले, दुसरीकडे पाहिले आणि कित्येक आठवड्यांनी मला हाक मारली.

"आवं, बगत काय हुबा ऱ्हायलाय? धरा हिला. हिला धराय कागुद लागत न्हाई."

मी नातीला घेतले. कागद लागतो, असे मी त्याच वेळी तिला सांगितले. कागद नसता तर आपण दोघे या घरात पोचलोच नसतो, आणि आपल्याजवळचा प्रत्येक कागद खरा आहे.

"हळू बोला," ती म्हणाली. "झोपलीय ती."

ती खरोखरच झोपली होती. मी तेवढ्यापुरता गप्प बसलो. वरील मजकूर ती जागी झाल्यावर, तिला तिच्या आजीकडे देऊन लिहायला घेतला आहे.